विद्यापीठाने बुधवार पेठेत एक खोली घ्यावी

प्रति,
मा. कुलगुरू,
सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ,
गणेशखिंड, पुणे



हे पत्र एका मागणीसाठी आहे आणि ती सुरुवातीलाच सांगते. विद्यापीठाने बुधवार पेठेत एक खोली घ्यावी आणि तिथे कायमचे संशोधन केंद्र सुरू करावे. अनुदान मिळाले की उघडायचे आणि संपले की कुलूप लावायचे, असे नको. पेठेतल्या माणसांनी आपले प्रश्न घेऊन जिना चढावा, अभ्यासकांनी ते प्रश्न नीट मांडून त्यांचा पाठपुरावा करावा, आणि जे हाती लागेल ते आधी पेठेला सांगून मग महापालिकेपुढे, सरकारपुढे ठेवावे, अशा केंद्राची मागणी मी करत आहे.

मी याच पेठेची रहिवासी. आपले सहकारी विचारतील की शहरात एवढ्या वस्त्या असताना बुधवार पेठच का. त्याचे पहिले उत्तर विद्यापीठाच्या नावातच आहे. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती इथल्या भिडे वाड्यात. त्याच वर्षी स्थापन झालेले पुणे नगर वाचन मंदिर आज बुधवार चौकात उभे आहे. २०१४ साली पुणे विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव दिले गेले. भिडे वाड्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २०२३ च्या नोव्हेंबरात मिटला, डिसेंबरात ती मोडकळीला आलेली इमारत उतरवली, आणि २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी तिथल्या स्मारकाची पायाभरणी केली. स्मारक होईल, त्याचा आनंदच आहे. पण जिच्या नावाने विद्यापीठ चालते तिने जिथे काम केले, त्या जागेशी विद्यापीठाचा रोजचा संबंध काय, हा प्रश्न स्मारकाने सुटत नाही.

जोतीराव १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, हे आपण जाणताच. १८८२ सालीच त्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. शेतकऱ्याच्या करातून सरकारची तिजोरी भरते आणि शिक्षणाचा पैसा मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो, प्राथमिक शाळांची आबाळ होते, असे त्यांनी त्यात सांगितले. या मांडणीमागे स्वतः शाळा चालवल्याचा अनुभव होता. आज ज्याला आपण धोरण-संशोधन म्हणतो त्याचा याहून चांगला नमुना मला ठाऊक नाही. माणसांमध्ये राहून जे कळले ते निर्णय घेणाऱ्यांसमोर पुराव्यासह ठेवायचे. मी जे मागते आहे ते यापेक्षा वेगळे नाही.

दुसरे उत्तर पेठेच्या रचनेत आहे. दहा-पंधरा मिनिटांत पायी ओलांडता येईल एवढ्या जागेत दगडूशेठ गणपती आहे, तांबडी जोगेश्वरी आहे, तुळशीबागेची बाजारपेठ आहे, अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकाने आहेत, पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सच्या वस्तूंचा व्यापार आहे, जुने वाडे आणि त्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारे भाडेकरू आहेत, आणि शहराने ज्यांच्याविषयी कुजबुजत बोलायचे ठरवले आहे त्या देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची वस्ती आहे. घरभाडे, वाहतूक, आवाज, फेरीवाले, स्थलांतर, आरोग्य, ओळखपत्रे, शहराच्या धोरणातला बहुतेक प्रत्येक विषय इथे एकमेकांना खेटून उभा आहे. तो इथे बसून अभ्यासता येतो.

पेठेला अभ्यासक नवीन नाहीत, हेही स्पष्ट सांगायला हवे. समाजकार्याचे विद्यार्थी येतात, पीएचडी करणारे येतात, परदेशी विद्यापीठांतून येतात, आरोग्य पाहण्यांसाठी येतात. पूर्वी कागदावर प्रश्नावली असायची, आता टॅब असतो. बायका उत्तरे देऊन देऊन थकल्या आहेत. कुठून आलात, किती वर्षे झाली, मुले किती, पहिल्यांदा कोणी आणले, हेच प्रश्न त्यांना पुन्हा पुन्हा विचारले जातात. उत्तरे घेऊन गेलेला माणूस परत फिरकत नाही. त्या उत्तरांचे काय झाले, कुणी वाचली, त्यावरून कुठला नियम बदलला, हे सांगायला कोणी येत नाही. अहवाल बहुधा इंग्रजीत असतो. मी कोण्या एका संस्थेला दोष देत नाही, अनेक अभ्यासक मनापासून काम करतात. पण पदवी मिळाल्यावर किंवा निधी संपल्यावर परत येण्याचे बंधन कोणावरच नसते, आणि सगळी व्यवस्थाच अशी बांधलेली आहे.

आपल्या शहराला हे काम येत नाही असे मात्र कोणी म्हणू नये. पुण्याने देशाला पाहणी कशी करावी हे शिकवले आहे. रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून १९३० साली गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. संस्थेच्या सुरुवातीच्या प्रकाशनांत पुण्यातल्या फळबाजाराची पाहणी आहे. अर्थशास्त्राच्या संस्थेने फळांच्या व्यापाराकडे वळावे, आडत्या, दलाल, किरकोळ विक्रेता अशा हातांतून माल कसा फिरतो ते पाहावे, ही दृष्टी त्या काळात दुर्मीळ होती. पुढे गाडगीळांनी अख्ख्या पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. तिचा पहिला भाग १९४५ साली आणि दुसरा १९५२ साली आला. एवढ्यावर न थांबता सोवनी, आपटे आणि पेंडसे यांनी शहराची फेरपाहणी केली, ती १९५६ साली प्रसिद्ध झाली. त्याच शहरात, तोच विषय घेऊन, काही वर्षांनी पुन्हा जायचे आणि काय बदलले ते सांगायचे. हा शिरस्ता पुढे चालला असता तर पेठांमधली कुटुंबे, धंदे आणि मिळकती दर पिढीत कशा बदलल्या याची सलग नोंद आज आपल्या हाती असती. ती नसल्यामुळे महापालिकेतल्या चर्चेत प्रत्येकजण आपापल्या आठवणीवर बोलतो.

गाडगीळ पुस्तकांतच राहिले नाहीत. प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे ते पहिले अध्यक्ष होते. गोखले संस्थेतल्याच वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास पुढे आणला आणि गरिबांना काम देण्याचा प्रश्न देशाच्या चर्चेत ठामपणे मांडला. पुण्यातल्या एका रस्त्यावरची संस्था दिल्लीच्या धोरणाशी बोलत होती ती अशी.

आता एक उदाहरण जरा सविस्तर सांगते, कारण माझी मागणी त्यावरच उभी आहे. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली स्थापन केलेल्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचा पुण्यात कर्वे रस्त्यावर परिसर आहे. तिथल्या प्रौढ व निरंतर शिक्षण आणि विस्तारकार्य विभागातल्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण यांनी कचरा वेचणाऱ्या मुलांसाठी, बायकांसाठी शिक्षणाचे काम सुरू केले. हा विभाग म्हणजे विद्यापीठाच्या उतरंडीत शेवटच्या पायरीवरचा. पण मुलांबरोबर त्या कचराकुंड्यांपर्यंत गेल्या आणि अक्षरओळखीच्या आधी दुसरेच काही हवे आहे हे त्यांच्या ध्यानात आले. कचरा उकिरड्यावर मिसळून पडण्याऐवजी घराच्या दारातच सुका आणि ओला असा वेगळा मिळाला तर बाईची कमाई वाढते, तास वाचतात, हात कापत नाहीत, आणि मुलीला बरोबर न्यावे लागत नाही. मग बायकांना घरोघर जाता यावे म्हणून ओळखपत्रांचा विचार झाला. १९९३ साली बाबा आढावांच्या साथीने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. ज्यांना पोलीस चोर समजत, कुत्री अंगावर धावत, त्या बायकांकडे महापालिकेने मान्य केलेली ओळखपत्रे आली.

इथवर ही संघटनेची गोष्ट झाली. विद्यापीठाचे काम त्यापुढचे. चिकरमाने, मेधा देशपांडे आणि लक्ष्मी नारायण यांनी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी २००१ साली भंगार वेचणारे, भंगार व्यापारी आणि पुनर्वापर करणारे उद्योग यांचा अभ्यास केला. या बायका जेवढा माल उचलतात तेवढा कचरा वाहून नेण्याचा महापालिकेचा खर्च वाचतो, आणि त्या बदल्यात त्यांना काहीच मिळत नाही, हे त्यात हिशेबाने दाखवले. त्या हिशेबामुळे वाटाघाटीची भाषा पालटली. दयेची मागणी करणाऱ्या बायका आता शहराला सेवा देणाऱ्या कामगार म्हणून समोर बसल्या. २००२-०३ मध्ये पुणे महापालिकेने नोंदणीकृत कचरावेचकांसाठी वैद्यकीय विमा सुरू केला. २००८ मध्ये त्यांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी महापालिकेने करार केला. आज साडेतीन हजारांहून अधिक कचरावेचक शहरातल्या घरांच्या दारातून कचरा गोळा करतात. आपल्या दारातून कचरा नेणारी ताई गणवेशात येते, त्यामागे एका विद्यापीठाच्या विस्तार विभागातली काही वर्षांची चिकाटी आहे. हा करार टिकवण्यासाठी त्यांना वेळोवेळी झगडावे लागले, तेही त्यांच्याकडे आकडे होते म्हणून जमले.

कुलगुरू महोदय, यातल्या दोन बाबी मला सर्वांत मोलाच्या वाटतात. संशोधनाचा प्रश्न बायकांच्या कामातून आला. विद्यापीठाने तो आधी ठरवून आणला नव्हता. आणि संशोधन करणारी माणसे अहवाल देऊन निघून गेली नाहीत, वर्षानुवर्षे तिथेच राहिली.

आपल्या विद्यापीठातही असे काम झाले आहे. अर्थशास्त्र विभागातल्या रोहिणी साहनी आणि त्यांचे सहकारी व्ही. कल्याण शंकर यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची देशव्यापी पाहणी केली. २०११ साली तिचे प्राथमिक निष्कर्ष आले. १४ राज्ये आणि एक केंद्रशासित प्रदेश यांतल्या ३,००० स्त्रियांशी बोलून त्यांनी श्रमाचा इतिहास विचारला. यातल्या अनेकींनी आधी धुणीभांडी, बांधकाम, शेतमजुरी अशी कामे केली होती. तिथली मजुरी, तिथला छळ, तिथली अनिश्चितता यांच्याशी तुलना करत त्या या धंद्यापर्यंत आल्या होत्या. ‘फसवून आणली’ आणि ‘स्वतःहून आली’ या दोनच खणांत प्रत्येकीला कोंबणाऱ्या चर्चेला त्या पाहणीने तिसरा प्रश्न दिला, की गरीब बाईला श्रमाच्या बाजारात मिळते तरी काय. हे काम पुणे विद्यापीठातल्या अभ्यासकांनी केले. मग पेठेतल्या बाईला त्याची निदान एका पानाची मराठी प्रत तरी मिळायला काय हरकत होती? कानडी, तेलुगू, नेपाळी, बंगाली बोलणाऱ्या बायका इथे आहेत, त्यांना वाचून दाखवायला काय हरकत होती? हा दोष त्या दोघांचा नाही, त्यांनी त्यांचे काम चोख केले. निष्कर्ष वस्तीपर्यंत आणण्याची जबाबदारी विद्यापीठात कोणाचीच नाही, ही खरी अडचण आहे.

तसेच दुसरे उदाहरण दरवर्षी आमच्या खिडकीखाली घडते. विसर्जन मिरवणुकीच्या दिवशी आताच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठाचे विद्यार्थी आणि शिक्षक बेलबाग चौकापासून लक्ष्मी रस्त्यावरच्या चौकाचौकांत ध्वनिमापक घेऊन उभे राहतात आणि ठरावीक वेळांना आवाज नोंदवतात. वर्षानुवर्षे चाललेली ही नोंद आहे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही कायद्याची मर्यादा असताना काही वर्षी मिरवणुकीची सरासरी १०० डेसिबलच्या वर गेली, हे आपल्याला कळते ते या पोरांमुळे. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आकडे येतात, दोन दिवस चर्चा होते आणि विषय पुढच्या भाद्रपदापर्यंत मिटतो. आमच्या वाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांच्या कानांवर, झोपेवर, रक्तदाबावर त्याचा काय परिणाम होतो, कोणत्या चौकात आवाज कोंडतो आणि का, मंडळांशी बोलून काय जमू शकते, हे पुढचे काम करायला कोणी नाही. मी गणेशोत्सवाच्या विरोधात नाही, दगडूशेठच्या आरतीला मी उभी असते. पण ज्या उत्सवावर आपण प्रेम करतो त्याच्या आवाजाने आजारी माणसाला शहर सोडून जावे लागत असेल तर तो प्रश्न मोजून, बसून सोडवायला हवा. मोजण्याचे काम विद्यार्थ्यांनी करून ठेवले आहे, पुढे बसणारे कोणी हवे.

आता ज्या प्रश्नाला अजून कोणी नीट हात घातलेला नाही तो सांगते. शनिवारवाडा केंद्राच्या संरक्षित स्मारकांत आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगी लागते. स्मारक जपायलाच हवे, त्याबद्दल वाद नाही. पण या वर्तुळात कसबा, शनिवार आणि बुधवार पेठेच्या कडेचे जुने वाडे येतात. मातीच्या भिंती, लाकडी खांब, पावसाळ्यात गळणारी कौले आणि आत राहणारी माणसे. मालक म्हणतो, भाडेनियंत्रणामुळे मिळणाऱ्या भाड्यात कौल बदलण्याइतकेही उत्पन्न नाही. भाडेकरू म्हणतो, बाहेर पडलो तर परत येण्याची हमी नाही. महापालिका पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक वाड्यांना नोटिसा लावते. पुनर्विकासाचे नियम मोठ्या भूखंडांना सोयीचे, पेठेतला वाडा अरुंद आणि खोल, चारी बाजूंनी दुसऱ्या वाड्यांना चिकटलेला. या सगळ्यांचे म्हणणे वेगवेगळ्या खात्यांच्या फायलींमध्ये पडून आहे.

वर्तुळात नेमके किती वाडे, त्यांत किती बिऱ्हाडे, किती एकट्या राहणाऱ्या वृद्धा, किती वाड्यांत मालकीचे दावे न्यायालयात, किती वाडे केवळ दुरुस्तीने वाचतील आणि किती उतरवावेच लागतील, हे सगळे एका नकाशावर आणि एका तक्त्यात मांडायला विद्यापीठाच्या भूगोल, अर्थशास्त्र, कायदा आणि समाजशास्त्र या विभागांचे विद्यार्थी एका वर्षात पुरे पडतील. तो तक्ता हाती असेल तर १०० मीटरच्या नियमाबद्दल केंद्राशी बोलताना नेत्यांना भाषणाऐवजी पुरावा मांडता येईल. निवडणुकांत पक्ष हा विषय काढतात. मते मागताना काढायचा आणि नंतर विसरायचा विषय म्हणून तो टिकून आहे, कारण त्याचा कोणी अभ्यासच केलेला नाही.

आणि कागदपत्रांचा प्रश्न. टाळेबंदीत पेठेचा धंदा बंद पडला तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना ओळखीच्या कागदांचा आग्रह न धरता शिधा द्या, असे राज्यांना सांगितले. महाराष्ट्र सरकारने ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांसाठी दरमहा ५,००० रुपये आणि शाळेत जाणारी मुले असतील तर आणखी २,५०० रुपये देण्याचे ठरवले. १९ मे २०२२ रोजी न्यायालयाने या स्त्रियांच्या प्रतिष्ठेविषयी सविस्तर निर्देश दिले आणि पत्त्याचा पुरावा नसला तरी एड्स नियंत्रण यंत्रणेच्या अधिकाऱ्याच्या दाखल्यावर, ओळख गुप्त ठेवून, आधार कार्ड मिळण्याची वाट मोकळी केली. निर्णय चांगलेच होते. पण यातली एक गोष्ट पाहा. सरकारला ही बाई ठाऊक आहे ती एड्स नियंत्रणाच्या यादीतून. जी म्हातारी धंदा सोडून आता इतर बायकांचे स्वयंपाक करते, त्यांची मुले सांभाळते, तिचे नाव त्या यादीत कशाला असेल? जी दुसऱ्या राज्यातून मागच्याच महिन्यात आली तिचे? आणि ज्या मुलाचा जन्म इथे झाला पण दाखल्यावर बापाचे नाव नाही, त्याचे? कोणाला लाभ मिळाला याची मोजणी सरकार करते. कोण सुटले याची मोजणी करायला दुसरे कोणीतरी हवे, आणि ते काम इथल्या स्वयंसेवी संस्थांवर सोडून भागणार नाही. ‘वंचित विकास’ आणि ‘सहेली’ यांसारख्या संस्था इथे वर्षानुवर्षे उभ्या आहेत. त्यांचा दिवस बाईला दवाखान्यात नेण्यात, पोराच्या शाळेत जाण्यात सरतो. त्यांच्या अनुभवाला आकडेवारीची आणि कायद्याच्या अभ्यासाची जोड देणे हे विद्यापीठाचे काम आहे.

आपल्या विद्यापीठात १९८७ पासून स्त्री-अभ्यास केंद्र आहे, आणि विद्यापीठाला मिळण्याआधीच सावित्रीबाईंचे नाव त्या केंद्राने घेतले होते. शर्मिला रेगे यांनी तिथे एक पिढी घडवली. त्या पिढीतली माणसे पेठेच्या कामाला नक्की पुढे येतील, असा माझा विश्वास आहे.

जगात याची उदाहरणे आहेत. १८९६ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डातल्या कृष्णवर्णीय वस्तीची पाहणी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्याकडे सोपवली. ते पत्नीसह त्या वस्तीत राहिले, दारोदार फिरले, आणि १८९९ साली आलेले त्यांचे पुस्तक समाजशास्त्राचा पाया मानले जाते. विद्यापीठाने मात्र त्यांना धड अध्यापकाची जागा दिली नाही. वस्तीत राहून काम करणाऱ्याला विद्यापीठाने आपल्यातला मानायचे की नाही, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. १९७० च्या दशकात नेदरलँड्सच्या विद्यापीठांनी निराळी वाट काढली. नागरिकांचे गट, कामगार संघटना, वस्त्या आपला प्रश्न घेऊन विद्यापीठातल्या एका कचेरीत यायच्या. प्रश्न नफ्यासाठी नसावा, गटाकडे संशोधनाला पैसे नसावेत आणि निघालेले उत्तर वापरण्याची त्याची तयारी असावी, एवढ्या अटी. प्राध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी तो प्रश्न अभ्यासायचे आणि तेच त्यांचे अभ्यासक्रमातले काम धरले जायचे. आपल्याकडे हे अगदी जमण्यासारखे आहे. पदव्युत्तर वर्गातला विद्यार्थी प्रबंधिकेसाठी विषय शोधत फिरतो, आणि पेठेत विषय माणूस शोधत आहेत.

खर्चाचा मुद्दा येईल. मी भव्य इमारत मागत नाही. पेठेत भाड्याची एक खोली, दोन पूर्णवेळ माणसे, आणि निरनिराळ्या विभागांतून आळीपाळीने येणारे विद्यार्थी, एवढ्याने सुरुवात होते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये आजीवन अध्ययन व विस्तार मंडळाची तरतूद आहे, त्या छत्राखाली हे बसू शकते. उन्नत भारत अभियानाने संस्थांना गावे दत्तक घ्यायला सांगितले ते योग्यच आहे, पण शहराच्या मध्यभागातली पेठ गावांच्या यादीत बसत नाही म्हणून ती कोणाच्याच वाट्याला येत नाही. शिवाय प्राध्यापकाच्या बढतीत नियतकालिकातल्या लेखाला जे वजन आहे ते महापालिकेने स्वीकारलेल्या अहवालाला नाही. हे आपल्या हातात पूर्णपणे नसले तरी विद्यापीठाच्या अंतर्गत मूल्यमापनात त्याला जागा देता येईल. तसे झाले नाही तर हुशार तरुण अध्यापक इथे एक वर्ष राहून निघून जातील.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो मला स्वतःलाही वाटतो. अशा केंद्रात जमलेली माहिती पोलिसांकडे गेली तर? बांधकाम व्यावसायिकाकडे गेली तर? कोणत्या वाड्यात कोण एकटे राहते, कोणत्या घरात कोणत्या गावची बाई आहे, ही माहिती चुकीच्या हातात पडली तर माणसे बेघर होतील. म्हणून केंद्राच्या समितीत पेठेतली माणसे असावीत आणि त्यांचे मत निर्णायक असावे. भाडेकरू, वाड्याचे मालक, दुकानदार, फेरीवाले, मंडळांचे कार्यकर्ते, आणि देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या प्रतिनिधी. कोणती माहिती गोळा करायचीच नाही, हे ठरवण्याचा हक्क त्यांना असावा. नावे आणि पत्ते निष्कर्षांपासून वेगळे ठेवावेत. विद्यापीठाच्या नैतिकता समितीने परवानगी दिली एवढ्याने पेठेची परवानगी मिळाली असे समजू नये.

आणि एक अट माझ्याकडून. कोणताही अहवाल बाहेर जाण्यापूर्वी त्याचा मराठीतला सारांश पेठेत जाहीरपणे वाचला जावा, गरज असेल तिथे कानडीत, तेलुगूत, हिंदीत सांगितला जावा. नगर वाचन मंदिरासारखी जागा त्यासाठी आपल्याकडे आहे. ज्यांनी उत्तरे दिली त्यांना आक्षेप घेता यावा आणि तो आक्षेप अहवालात छापला जावा. कसबा-विश्रामबागवाडा क्षेत्रीय कार्यालयाने त्या अहवालाला ठरावीक मुदतीत लेखी उत्तर द्यावे, असा करार विद्यापीठ आणि महापालिका यांच्यात व्हावा. २०२२ च्या मार्चनंतर काही वर्षे पेठेला निवडून आलेले नगरसेवकच नव्हते, त्या काळात तर आमचे म्हणणे ऐकून लिहून ठेवणारी एकही जागा नव्हती.

भिडे वाड्याच्या स्मारकाची आखणी महापालिकेकडे आहे. आयुक्तांना आपण एक पत्र लिहावे आणि त्या वास्तूत या केंद्रासाठी जागा मागावी, ही माझी विनंती आहे. तिथे जमले नाही तर जवळपासच्या एखाद्या वाड्यात सुरुवात करू. जिथे मुलींना पहिल्यांदा पाटी-पेन्सिल मिळाली तिथे आज पेठेतल्या बायका, भाडेकरू आणि दुकानदार आपला प्रश्न मांडायला येऊ शकले तर सावित्रीबाईंचे नाव घेण्याचा विद्यापीठाचा अधिकार अधिक पक्का होईल, असे मला मनापासून वाटते.

आपण आपल्या विभागप्रमुखांसह एकदा पेठेत यावे. भाषण नको, सत्कार नको. दोन तास बसून लोकांचे ऐकावे. वाड्यांतले भाडेकरू, अप्पा बळवंत चौकातले काही दुकानदार आणि वस्तीतल्या काही स्त्रिया यायला तयार आहेत. आपल्या सोयीची तारीख कळवावी.

आपली नम्र,
बुधवार पेठेतील एक रहिवासी